कुओबाईंचं मराठी

वैजयंती मगदूम एकटी तैपेईला निघाली तेव्हा मिरजेतल्या निम्म्या नातेवाइकांनी तिला वेड्यात काढलं आणि उरलेल्यांनी चिवड्याचे डबे आणून दिले. साठी उलटलेली बाई, कांदा-लसूण शिवत नाही, चिनी भाषेचा गंध नाही, आणि दोन आठवडे परमुलखात एकटी.

"एकटी कुठली? अक्का हाय की संगं," असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती.

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण पद्मजा. जिन्यावरून पडल्यापासून अक्काचं कमरेखालचं अंग हलत नव्हतं. तैपेईचं वेड मुळात तिचं. कुठल्याशा माहितीपटात तिनं त्या शहरातल्या भिजलेल्या गल्ल्या, स्कूटरींचे लोंढे आणि देवळांच्या छपरांवरचे रंगीत ड्रॅगन पाहिले होते. दोघींनी मिळून जायचं ठरलं होतं. मग तो जिना आडवा आला. "तू जा. मला कानातनं ने," अक्का म्हणाली. म्हणून वैजयंतीच्या चष्म्याच्या दांडीत बारीकसा कॅमेरा होता, कानात ऐकण्याबोलण्याचं बोंड होतं, आणि मिरजेत पलंगासमोरच्या पडद्यावर तैपेई दिसायची सोय होती. अक्काच्या उशापायथ्याला चुलतभावाची सून राहायला आली होती.

वैजयंतीनं एका मोठ्या इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत उभी नोकरी काढली होती. दिवसभर खिडकीबाहेर दिसलेली माणसं ती संध्याकाळी घरी करून दाखवायची. कोण कसा चालतो, कोण कसा रडतो, कोण डॉक्टरला कसा 'साहेब, साहेब' करतो. आवाज तर असा उचलायची की शेजारचे डोकावून बघायचे. अक्का अंथरुणाला खिळल्यावर या नकला औषधाच्या वेळेसारख्या ठरून गेल्या. हसताना अक्काचे खांदे गदगदा हलायचे. तेवढंच काय ते तिचं हलणं, आणि वैजयंती त्यासाठी काहीही करायला तयार होती. नेमकी तिथंच माशी शिंकली.

त्या सुमाराला भाषांतराची बोंडं चष्म्याइतकीच सवयीची झाली होती. समोरचा चिनीत बोलला की कानात तुमच्या भाषेत उमटायचं, तुम्ही बोललात की गळ्यातल्या चकतीतून चिनी बाहेर पडायचं. चाळीसेक भाषांची सोय होती. मराठीची नव्हती. मराठी माणूस हिंदीवर भागवून नेतो हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. यावर आपल्याकडे दर वर्षी भाषणं होत आणि ठराव पास होत. वैजयंतीला मात्र ती सोयच वाटत होती. परदेशी गेलेल्या मराठी माणसाची एक जुनी खोड आहे. समोरच्याच्या तोंडावर गोड हसायचं आणि शेजारच्याला मराठीत म्हणायचं, "काय ध्यान आहे बघ!" मराठी म्हणजे आपलं माजघर, तिथलं बोलणं ओसरीवर ऐकू जात नाही, अशी आपली समजूत. या समजुतीवर आपण जगभर हिंडतो.

*

कुओबाईंचं घर जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली फळवाल्याचं दुकान आणि स्कूटर दुरुस्ती. कुओबाई सत्तरीच्या पुढच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दुसऱ्या शहरात. एकट्या प्रवासी बायकांना त्या आतली खोली देत. दोन्ही कानांना कमी ऐकू यायचं म्हणून दोन्ही कानांत यंत्रं होती आणि गळ्यात बिस्किटाएवढी चकती. डोक्यावर काळाभोर टोप.

"भोपळ्याला डांबर फासल्यागत दिसतंय बघ," वैजयंती दारातच पुटपुटली. मिरजेत अक्काचे खांदे हलले.

घराच्या नियमांत चित्रीकरण करू नये असं स्पष्ट लिहिलं होतं. त्यामुळे कुओबाईंनी जेव्हा विचारलं, "तुम्ही सारखं कुणाशी बोलता?" तेव्हा वैजयंती क्षणभर गडबडली. तिच्या कानातलं यंत्र चिनीचं हिंदी करून द्यायचं, आणि तेही रेडिओवरच्या बातम्यांसारखं शुद्ध. तिनं हिंदीत उत्तर ठोकून दिलं, "स्तोत्र म्हणते. आमच्यात दिवसभर म्हणतात."

कुओबाईंनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी एक बुटकं स्टूल, त्यावर स्वच्छ उशी आणि बाजूला एका पेल्यात पांढरी फुलं ठेवलेली दिसली. वैजयंती पुटपुटू लागली की कुओबाई टीव्ही बंद करून टाकत.

"तुला सांगते अक्का, तुझ्याशी गप्पा मारायला देव्हारा मिळालाय मला," वैजयंती त्या उशीवर बसून म्हणाली, आणि दोघी बहिणी पोटभर हसल्या. स्वयंपाकघरात कुओबाई आवाज न करता भांडी ठेवत होत्या.

शहर मात्र खरोखरच बघण्यासारखं होतं. सकाळी कोपऱ्यावरच्या न्याहारीच्या दुकानात वाफ उठलेली असायची, सोयाच्या दुधाचे पेले भराभर पुढे सरकायचे. मेट्रोच्या फलाटावर माणसं आखलेल्या रेषेवर अशी उभी राहत की जणू त्यांना कुठं जायचंच नाही. ("मुंजीतल्या बटूंगत उभारलेत बघ, नाकासमोर.") बाजारात सुकवलेले मशरूम, चहाचे उंच डबे, जडीबुटीचा वास. एका गल्लीत आंबवलेल्या टोफूचा असा दर्प आला की वैजयंतीनं नाकाला पदर लावला. ("इथं कुणाचं तरी पायताण शिजतंय, अक्का.") टोफूवाला हसून तुकडा पुढे करत होता आणि ती त्याच्याकडे बघून गोड हसत होती.

जेवणाची काळजी कुओबाईंनीच मिटवली. त्या देशात बौद्ध शाकाहारी लोक कांदा-लसूणही खात नाहीत. कुओबाई तिला अशा एका खानावळीत घेऊन गेल्या. आपल्याकडच्या कुठल्याही सासरी मिळालं नसतं इतकं पथ्याचं ताट तिच्यापुढे आलं. त्यात सोयाची कोंबडी होती, हुबेहूब.

"खायची न्हाई तर सोंगं कशाला करतेत?" वैजयंती अक्काला म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आणि हिचं सूप पिणं ऐक. मोरीत पाणी चाललंय." तिनं ओठांचा चंबू करून तो आवाज काढून दाखवला. कुओबाई वाडगं तोंडाला लावून मनापासून सूप ओढत होत्या.

पण सगळ्यात रंगायचा तो संध्याकाळचा कार्यक्रम. त्या शहरात कचरा रस्त्यावर ठेवायची पद्धत नाही. दिवेलागणीला पिवळी गाडी एक धून वाजवत गल्लीच्या तोंडाशी येते आणि आपापल्या पिशव्या घेऊन सगळी गल्ली खाली उतरते. कुओबाई त्याआधी आरशापुढे उभ्या राहायच्या. टोप नीट बसवायच्या, गळ्याला रुमाल बांधायच्या आणि लालबुंद लिपस्टिक लावायच्या. मग कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरायच्या.

"म्हातारी नटली बघ," वैजयंती वरून बघत म्हणाली. "कुणावर डोळा आहे गं?"

त्या दिवशी अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. मग ते रोजचंच झालं. धून ऐकू आली की अक्काच म्हणायची, "म्हण की गं." आणि वैजयंती म्हणायची, त्याच लाडिक सुरात, "म्हातारी नटली बघ. कुणावर डोळा आहे गं?"

*

पहिल्या आठवड्याच्या शेवटी वैजयंतीला एक गंमत दिसली. कुओबाई सूप चमच्यानं पिऊ लागल्या होत्या. आवाज अजिबात नाही.

"सुधारली गं म्हातारी. संगत लागली माझी," तिनं अक्काला कळवलं.

पुढच्या दिवशी टोप दिसला नाही. कुओबाईंच्या डोक्यावर विरळ पांढरे केस होते आणि त्यांवर एक साधी विणलेली टोपी. हसताना त्या तोंडावर हात धरून खुदखुदायच्या. वैजयंतीनं त्याची नक्कल 'लाजरी कोंबडी' या नावानं बसवली होती. आता ते हसूही बंद झालं. विचारलं की त्या नुसती मान हलवत. त्या संध्याकाळी धून वाजली तेव्हा आरशापुढे कुणी उभं राहिलं नाही. कुओबाई घरातल्याच कपड्यांत, कोरड्या ओठांनी, पिशवी उचलून खाली गेल्या आणि कुणाशी न बोलता परत आल्या.

"आज नटली न्हाई व्हय?" अक्का हिरमुसली.

"बरं नसंल," वैजयंती म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं. खिडकीत इतकी वर्षं माणसं वाचली म्हणणारी बाई, पण आपल्यासमोरचं एक माणूस रोज थोडं थोडं मिटत चाललंय हे तिच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुओबाई म्हणाल्या, "देवळात येता? मला एक विचारायचं आहे तिथं."

देऊळ जवळच होतं. उदबत्त्यांचा धूर, संत्र्यांच्या राशी, पुस्तकं हातात धरून मोठ्यानं पाठ म्हणणाऱ्या बायका. वैजयंती हळू आवाजात अक्काला सगळं दाखवत चालली होती. देवीपुढे कुओबाईंनी दोन लाल लाकडी तुकडे उचलले. चंद्रकोरीच्या आकाराचे, एका बाजूनं सपाट, एका बाजूनं फुगीर. त्या समजावून सांगू लागल्या. प्रश्न विचारून हे जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर होकार. दोन्ही फुगीर तर नकार. दोन्ही सपाट पडले तर देव हसतोय, प्रश्न नीट विचारला नाही, पुन्हा विचार.

"आपल्या कोकणातला कौलच की," वैजयंती अक्काला म्हणाली.

कुओबाई गुडघे टेकून बसल्या. तुकडे कपाळाला लावले आणि मोठ्यानं बोलू लागल्या. आपलं नाव, गल्ली, जन्मवर्ष. देवाला पत्ता नीट सांगावा लागतो. वैजयंतीच्या कानात त्याचं हिंदी उमटत होतं. "मी माझ्यासाठी आलेली नाही. दूर एक गाव आहे. तिथं एक बाई जिन्यावरून पडली. ती उठत नाही. तिची धाकटी बहीण तिला रोज हसवते. ती पुन्हा चालेल का, एवढंच विचारते." हे सगळं यंत्रानं सांगितलं. पण दोन शब्द यंत्राचे नव्हते. ते कुओबाईंच्या स्वतःच्या तोंडचे होते, जरा वेडेवाकडे उच्चारलेले. "मिलाज" आणि "अक्का".

लाकडी तुकडे फरशीवर खणखणले. दोन्ही सपाट पडले.

"देव हसतोय," कुओबाई म्हणाल्या. त्यांनी तुकडे उचलून वैजयंतीपुढे धरले. "तुम्ही विचारा. तुम्ही सख्ख्या."

वैजयंतीनं हात पुढे केला नाही. "तुम्हाला अक्का कशी ठाऊक?" तिनं हिंदीत विचारलं.

कुओबाईंनी कानातल्या यंत्राला बोट लावलं, आणि मग अपराध्यासारख्या खाली बघू लागल्या.

*

ते यंत्र भाषांतराचं नव्हतंच. त्या वस्तीतल्या ज्येष्ठ मंडळींना ते बहिरेपणासाठी दिलेलं होतं. कानाला ऐकू येत नाही तेव्हा नुसता आवाज वाढवून भागत नाही. नातवंडं तोंडातल्या तोंडात बोलतात, कवळी लावलेला शेजारी फुसफुसतो, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. म्हणून हे यंत्र माणूस शिकायचं. एकच आवाज पुष्कळ ऐकला, तो आवाज चालू असताना भोवती काय घडत होतं ते टिपलं, की त्या आवाजाचे अर्थ त्याला लागू लागत. चहा ओतताना काय म्हटलं जातं, पाऊस आल्यावर काय म्हटलं जातं. आणि गळ्यातली चकती दाबून बोललं की ते समोरच्याला त्याच्याच शब्दांत, त्याच्याच आवाजात सांगायचं.

कुठल्याही भाषेत दुधाचा शब्द बाळाच्या जवळ असतो आणि छत्रीचा पावसाच्या. शब्द निराळे, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं सगळीकडे जवळपास सारखं. दोन घरच्या बायकांनी निरनिराळ्या रंगांत एकाच ठिपक्यांची रांगोळी काढावी तसं. यंत्राला ठिपके आधीच ठाऊक होते. नव्या आवाजातले शब्द ते त्या ठिपक्यांवर बसवून बघायचं. आपण ऐकतोय ती नवी भाषा आहे की चिनी बोलणाऱ्या कुणाचं तोतरेपण, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. वैजयंती दिवसभर बोलत होती. जेवताना, चालताना, खिडकीपाशी. जगात कुणी विकायला ठेवलं नव्हतं ते मराठी एका म्हातारीच्या कानात आठवडाभरात तयार झालं, आणि त्याची शिक्षिका एकटी वैजयंती होती.

"तुमचं स्तोत्र कळावं म्हणून मी ते चालू केलं," कुओबाई म्हणाल्या. "रोज इतक्या मनानं म्हणत होता. मला वाटलं, ऐकलं तर पुण्य लागेल. पहिले दिवस नुसते तुकडे कळायचे. मला वाटलं, कुणा दुसऱ्या म्हातारीबद्दल असेल. मग माझ्या नटण्याचं बोलणं आलं."

वैजयंतीला पायाखालची फरशी सोडून पळून जावंसं वाटलं.

"बोलला का नाहीत?" तिनं कसंबसं विचारलं.

"तुम्ही 'हसलीस ना अक्का, हसलीस ना' म्हणायचात. आजारी माणूस हसत होतं. म्हटलं, हसू दे." कुओबाईंनी विणलेली टोपी सारखी केली. "पण आरशापुढे उभं राहिलं की लाज वाटायची. म्हणून सोडून दिलं. गाडीच्या वेळी गल्ली भेटते, दिवसातनं तेवढीच माणसं भेटतात, म्हणून लावायची मी. तेवढंच."

ज्या बाईला लाज वाटायला हवी होती ती रोज पोटभर जेवत होती, आणि जिचं काही चुकलं नव्हतं ती आपले ओठ पुसत होती. वैजयंतीला हे आत्ता, देवीसमोर, संत्र्यांच्या राशीपाशी उभं राहून कळलं.

कानात अक्काचा आवाज आला. ते हिंदी तिलाही ऐकू गेलं होतं. "वैजू, तिला कळत होतं?"

"होय."

"सगळं?"

वैजयंतीनं मान हलवली, तसं अक्काच्या पडद्यावर देऊळ वरखाली झालं.

"मीच म्हणत होते की गं. अजून सांग, अजून सांग." अक्काचा आवाज बारीक झाला. "ती माझ्यासाठी देवाकडं विचारायलीय. आणि मी तिला कोंबडी म्हणून हसले." मग मिरजेकडून खरखर झाली आणि आवाज बंद झाला.

वैजयंतीनं कुओबाईंचे हात धरले. "मुझे माफ कर दीजिए," ती म्हणाली. तिच्या चकतीतून चिनी वाक्य बाहेर पडलं. ते वाक्य तिला ओळखीचं होतं. मेट्रोत कुणाच्या पायावर पाय पडला की तिची चकती हेच, याच सुरात म्हणायची. कुओबाईंनी मेट्रोतल्या माणसांसारखीच सभ्य मान लववली.

मग तिनं चकती बंद केली आणि मराठीत म्हटलं, "चुकलं माझं. माफ करा मला."

कुओबाईंच्या गळ्यातल्या चकतीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला. त्यांनी ती कानाशी नेली, हलवून पाहिली आणि मान हलवली. वैजयंतीनं पुन्हा म्हटलं. दिवा पिवळाच. तिनं आपली चकती चालू करून विचारलं, काय झालं.

"हे यात नाही," कुओबाई म्हणाल्या. "हे तुम्ही कधी बोलला नाहीत ना. ऐकलेलं असलं तरच कळतं त्याला. खूप वेळा ऐकावं लागतं."

*

त्या दुपारी वैजयंती शहरात एकटी हिंडली. कानात कुणी नव्हतं. तिनं दोनदा अक्काला लावून पाहिलं, सुनेनं उचललं आणि "त्या भिंतीकडं तोंड करून पडल्यात" एवढंच सांगितलं.

आधी तिला वाटत होतं की आपण पुष्कळ पाहिलं. आता ध्यानात आलं की पाहिलं काहीच नव्हतं, नुसतं सांगायला काय सापडतंय ते हुडकलं होतं. सांगायला कुणी नसताना टोफूवाला नुसता टोफूवाला होता. वाफेनं त्याचा चष्मा धुरकट होत होता आणि तो पुन्हा पुन्हा पुसत होता. आज त्यानं तिला तुकडा पुढे केला नाही. तिला बघून त्यानं नजर खाली वळवली. वैजयंती जागीच थांबली. देवळातून निघताना कुओबाईंनी सहज सांगितलेलं तिला आठवलं. वस्तीतली यंत्रं एकमेकांकडून शिकतात, एकानं कमावलेलं सगळ्यांना मिळतं. टोफूवाल्याच्या कानातही तेच यंत्र होतं, आणि पायताणाचा तो विनोद तिनं त्याच्यापुढे कालही केला होता. म्हणजे पायताणाचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं होतं. फळवाल्यापर्यंतही काहीतरी पोचलं असणार, कारण त्याच्या तिरळ्या डोळ्यावरून तिनं अक्काला दोन दिवस हसवलं होतं.

सगळ्या गल्लीला मराठी येत होतं. आणि ते मराठी असं होतं.

आपल्या भाषेला जगात जागा नाही म्हणून लोक भाषणं करतात. इथं एका परक्या शहरात तिला जागा मिळाली होती, आणि वैजयंतीनं तिथं नेऊन काय ठेवलं होतं? उद्या मिरजेचं नाहीतर परभणीचं कुणी पोरगं इथं शिकायला येईल, तोंड उघडेल, आणि ही माणसं जपून बसतील. ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. येणारेजाणारे सभ्यपणे दुसरीकडे बघत पुढे गेले.

उठली तेव्हा समोर सौंदर्यप्रसाधनांचं दुकान होतं. तिनं जन्मात लिपस्टिक लावली नव्हती. मिरजेत अक्का लावायची, आणि वैजयंती तिलाही नावं ठेवायची. दुकानातल्या मुलीला तिनं हिंदीत सांगितलं, "लाल. अगदी लाल."

घरी येऊन ती कुओबाईंच्या आरशापुढे उभी राहिली. सवय नव्हती, रंग ओठांबाहेर गेला. तेवढ्यात कानात अक्का आली.

"काय करायलीस?"

"नटतेय."

"मला मोठ्यानं लाव," अक्का म्हणाली. "मला बोलायचंय तिच्याशी. मी पण हसलेय. तू एकटीनं माफी मागून माझं कसं भागंल?"

वैजयंतीनं फोन बाहेर काढून हातात धरला. गल्लीच्या तोंडाशी धून वाजू लागली. कुओबाई कचऱ्याची पिशवी घेऊन स्वयंपाकघरातून आल्या. तीच विणलेली टोपी, कोरडे ओठ. वैजयंतीला बघून त्या थबकल्या. वैजयंतीनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी जिना उतरल्या.

खाली सगळी गल्ली जमली होती. फळवाला होता, स्कूटर दुरुस्तीवाला होता, समोरच्या इमारतीतल्या तीन-चार म्हाताऱ्या होत्या. सगळेच साठीच्या पुढचे, सगळ्यांच्या गळ्यात चकत्या. वैजयंती येताच बोलणं थांबलं. तिनं मान वर केली तेव्हा तिला वाटलं, सगळे आपल्या ओठांकडे बघतायत. बघतच होते.

कुओबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. त्या काहीतरी हळू म्हणाल्या आणि कानात तिला ते शुद्ध हिंदीत ऐकू आलं, "आप बहुत सुंदर लग रही हैं।"

वैजयंतीचे डोळे भरले. पण कुओबाईंचं समाधान झालं नव्हतं. परक्या बाईला तिच्या स्वतःच्या भाषेत चांगलं म्हणावं असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी गळ्यातली चकती हातात घेतली, दाबली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. यंत्रानं आपल्याजवळचं सगळं मराठी धुंडाळलं. नटलेल्या बाईला बघून मराठीत काय म्हणतात? ते त्यानं रोज, याच वेळी, याच धुनीवर ऐकलं होतं. त्याच्याजवळ तेवढं एकच होतं.

चकतीतून वैजयंतीचा स्वतःचा आवाज आला, त्याच लाडिक सुरात. "म्हातारी नटली बघ. कुणावर डोळा आहे गं?"

कुओबाई आशेनं तिच्याकडे बघत होत्या. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं नव्हतं, चकतीतून निघालेलं बोलणं, आपल्या असो की शेजारच्याच्या, यंत्र उलटून ऐकवत नसे. शेजारच्या म्हातारीला वाटलं, आपणही काही चांगलं म्हणावं. पाहुणीचे डोळे भरलेत, बिचारी एकटी आहे. तिनं आपली चकती दाबली. "म्हातारी नटली बघ." मग दुसरीनं. मग फळवाल्यानं, ज्याच्या डोळ्यावरून तिनं दोन दिवस काढले होते, त्यानं पिशवी खाली ठेवून, जरा झुकून, अदबीनं चकती दाबली. "कुणावर डोळा आहे गं?" सगळ्यांचे चेहरे प्रेमळ होते. आवाज सगळीकडून एकाच बाईचा येत होता.

रोज या वाक्याला ठसका लागेस्तोवर हसणारी अक्का मिरजेत गप्प होती.

वैजयंती तिथंच उभी राहिली. पळाली नाही, एवढंच तिच्या बाजूनं म्हणता येईल. तिनं आपली चकती काढून पदराला पुसली आणि फोनबरोबर हातात धरली. ती आता तिच्या कामाची नव्हती. मग कुओबाईंकडे, त्यांच्या विणलेल्या टोपीकडे आणि कोरड्या ओठांकडे बघत तिनं सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "तुम्ही छान दिसता."

हिरवा दिवा पिवळा झाला.

"तुम्ही छान दिसता," ती पुन्हा म्हणाली.

कुओबाईंनी काहीच न कळून चकती कानाशी नेली. गाडीची धून पुढच्या वळणाकडे निघाली होती आणि वैजयंतीच्या हातातली कचऱ्याची पिशवी टाकायची राहूनच गेली. फोनमधून अक्काचा घोगरा आवाज आला, "छान दिसता हो तुम्ही. माझं चुकलं." तिचाही आवाज यंत्राला नवीनच होता.

वैजयंतीनं तिसऱ्यांदा म्हटलं. दिवा पिवळाच होता.